वीस गुंठ्यांच्या आधी एक शनिवार

प्रश्न : मी 47 वर्षांची. राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी करते. मिस्टरांचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे. घरी सासूबाई आणि बारावीतला मुलगा. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाते, तर तिथंही ओळखीचे भेटतात आणि कर्जाच्या हप्त्याचं विचारतात. गेली काही वर्षं मनात एकच आहे : गगनबावड्याच्या बाजूला डोंगरात छोटं कौलारू घर, दोन गाई, मागं भाजीचे वाफे, फोन नाही. मध्यंतरी पाहुण्यांना घेऊन कणेरी मठावरचं ग्रामजीवन संग्रहालय बघायला गेले होते. तिथल्या एका घराच्या देखाव्यात काम करत बसलेल्या बाईचं शिल्प बघून माझे डोळे भरून आले, का ते कळलं नाही. एका एजंटानं ओढ्याकाठचा 20 गुंठ्यांचा तुकडा दाखवलाय. विसार द्या म्हणून मागं लागलाय. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि घेऊन टाकावा असं फार वाटतं. मिस्टर म्हणतात, हे खूळ आहे. भुदरगड तालुक्यात आमच्या सासऱ्यांचं घर आणि थोडी भातशेती आहे, चुलतदीर करतात. पण तिथं सगळी भावकी, त्यामुळं तो विचार नाही. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

ताई,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी माझी नजर भुदरगडाच्या त्या ओळीवर अडली. तिथं घर आहे, जमीन आहे, कसणारा माणूस आहे. डोंगर तोच, पाऊसही भरपूर. कौलारू छप्पर, परडं, गोठा, जे जे तुम्ही मागताय ते तिथं आयतं आहे. तरी तुम्ही तो विचार एका वाक्यात निकालात काढलात, कारण तिथं भावकी आहे. म्हणजे तुमच्या मनातल्या घरात गाई आहेत, ओढा आहे, भाजीचे वाफे आहेत, फक्त माणसं नाहीत.

मला वाटतं, तुम्हाला गावाची ओढ कमी आणि कुणी हाक मारणार नाही अशा जागेची जास्त आहे. कणेरीला डोळे भरून आले तेही त्यामुळंच असावेत. त्या शिल्पातल्या बाईला कुणी मध्येच उठवत नाही. तिच्या हातातलं काम तिच्याच हातात राहतं. घर आणि बँक दोन्हीकडं दिवसभर ‘जरा बघता का’ ऐकणाऱ्या बाईला ते बघून भरून येणार नाही तर कुणाला येईल? यात खूळ कसलं? हा परिच्छेद मिस्टरांना जरूर वाचून दाखवा.

पण ही भूक आणि ते 20 गुंठे यांची तुम्ही गाठ मारून टाकलीय. ती सोडवल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही देऊ नका, असं मी कळकळीनं सांगते.

मी राधानगरी तालुक्यातल्या गावात वाढले, म्हणून हे ठामपणे लिहू शकते : एकांत हवा असेल तर आपल्याकडचं गाव ही त्याची जागा नव्हे. दारातून पाऊल बाहेर टाकलं की ‘कुठं निघालासा?’, परत आलं की ‘लवकर आलासा?’ दार लावून घेतलं तर शेजारीण विचारायला येते, बरं नाही का म्हणून. त्यात वाईट काही नसतं, तिथं माणसं एकमेकांच्या आधारानं जगतात. तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकला, पाऊस लागला, की रोपलावण पैऱ्यानं होते. आज तुमच्या वावरात आमचं घर, उद्या आमच्या वावरात तुमचं. जो पैऱ्याला जात नाही त्याचं रान पडून राहतं. भांगलण, कापणी, मळणी, घर शाकारणं, बाळंतपण, मयत, सगळं याच हिशोबावर चालतं. तो हिशोब कुणी वहीत लिहीत नाही आणि कुणी विसरतही नाही.

माझ्या आईला एकांत मिळायचा तो वैरणीला गेल्यावर. विळा आणि दोरी घेऊन ती बांधावर जायची आणि कधी कधी फार उशिरा यायची. भारा तेवढाच असायचा. ती तिथं काय करते हे घरात कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. आता वाटतं, ती नुसती बसत असणार. एवढ्या मोठ्या शिवारात राहणाऱ्या बाईलासुद्धा बसायला वैरणीचं निमित्त लागायचं. घर कुठंही असलं तरी बाईला निवांत बसण्याचा हक्क घराबरोबर आपोआप मिळत नाही. तो राजारामपुरीत कमावला नाहीत तर गगनबावड्यातही मिळणार नाही, आणि राजारामपुरीत कमावलात तर कदाचित गगनबावड्याची गरजच उरणार नाही.

दोन गाईंचंही सांगते. आपल्या जिल्ह्यात दूध संस्थेचं संकलन सकाळ-संध्याकाळ असतं. म्हणजे रोज दोनदा धार, दोनदा वैरण-पाणी, शेण काढणं, त्यात रविवार नाही, दसरा-दिवाळी नाही. दारात दुभतं जनावर असलेल्या घरातली बाई बहिणीच्या लग्नालासुद्धा मुक्कामाला थांबत नाही, संध्याकाळच्या धारेला परत येते. बँकेतून तुम्हाला निदान सुट्टी तरी मागता येते. गाई हव्याच असतील तर जरूर पाळा, त्यांच्यासारखी सोबत नाही. पण त्या पाळायच्या त्यांच्यासाठी. स्वतःच्या निवांतपणासाठी पाळायला निघालात तर दोन्हीकडून ओढाताण होईल.

आता तो ओढ्याकाठचा तुकडा. तुम्ही तो कधी बघितलात ते लिहिलेलं नाही, पण एजंट अशा जमिनी सहसा दिवाळीनंतर दाखवतात, सगळं हिरवं असतं आणि ओढा गुडघाभर असतो तेव्हा. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा तालुका आहे. तिथला जुलै तुम्ही कोल्हापूरच्या पावसावरून मोजू नका. दिवसेंदिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, मिठाला पाणी, वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. कोल्हापूरपासून अंतर साधारण 55 किलोमीटर, पण रस्ता कुंभी नदीच्या काठानं जातो आणि मांडुकलीजवळ पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा आपण शहरात बातमी वाचत बसलेले असतो. पलीकडचा माणूस तोवर अडकलेला असतो. 2019 आणि 2021 चे पूर तुम्ही बघितलेत. त्या दिवसांत सासूबाईंना रक्तदाबाची गोळी लागली तर ती कुठून आणणार, याचं उत्तर विसाराच्या आधी हवं. राधानगरी, शाहूवाडीकडच्या लांबच्या धनगरवाड्यांवर आजारी माणसाला आजही डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्या माणसांनी ते आयुष्य हौसेनं निवडलेलं नाही, पण ते ज्या धीरानं जगतात तो आपल्या अंगात आहे का हे तपासून बघावं लागतं.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण हे तुम्हाला बँकेमुळं निम्मं ठाऊक असेल. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 तेच सांगतं. सासऱ्यांचा सातबारा इथं उपयोगी पडू शकतो. पण ते गेल्यानंतर वारसनोंद केली आहे का? केली नसेल तर आधी तो फेरफार, म्हणजे नावाचा बदल, करून घ्या, आणि नणंद असेल तर तिचं नाव धरूनच, कारण तिचा हक्क आहे. एजंटाच्या तुकड्याचा सातबारा स्वतः ऑनलाइन काढून बघा. क्षेत्र सामाईक आहे का, म्हणजे मोठ्या गटातला एक हिस्सा तोंडी हद्द दाखवून विकला जातोय का, हे बघा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवरची जमीन, असं असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. ‘इतर हक्क’ रकान्यात खासगी वनाची किंवा दुसरी कसली नोंद आहे का, तेही. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचे, नियम अलीकडं बदलत आले आहेत, तेव्हा आजचा नियम तलाठ्याकडं आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारा, एजंटाला नको. शेतजमिनीवर घर बांधायला परवानगी लागते, आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्यात वनखात्याच्या व पर्यावरणाच्या अटी वेगळ्या असतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वाट. जमिनीपर्यंत नकाशावरची वाट आहे की कुणाच्या तरी बांधावरून चालायचं आहे? बांधावरच्या वाटेपेक्षा भुदरगडातली भावकी परवडली अशी वेळ येते. भावकीशी निदान नातं तरी असतं.

एवढं सगळं भीतीचं लिहिलं, आता तुमच्या हक्काचं लिहिते. याच्यावरच माझा भर आहे.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुमची बँक बंद असते. दुकान चालू असतं, मुलाचा क्लास असतो. माझा अंदाज आहे की त्या शनिवारी तुम्ही पंधरा दिवसांची घरकामं काढता : डबे घासणं, पडदे धुणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, पाहुणे. यातला एक शनिवार, फक्त चौथा, सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत तुमचा ठरवा. एकटीचा. मैत्रिणीला घेऊन जाऊ नका, मुलालाही नको. फोन बंद करून पिशवीत टाका.

कुठं जायचं? रंकाळा सोडा, तो आपल्या सगळ्यांचा वाडाच आहे. पहिल्या वेळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जा. साडेआठशे एकरांच्या आसपास जागा आहे, झाडी आहे, मोर दिसतात. फिरणाऱ्यांची वर्दळ मुख्य रस्त्यांवर असते, जरा आत वळलं की कुणी नसतं, आणि घर जवळ असल्यामुळं पहिल्या वेळची धाकधूक जरा कमी होते. तरी ती होणारच. आपल्याकडच्या बाईला एकटीनं बसायची सवय नसते. दहा मिनिटांत गॅस बंद केला का हे आठवतं, अर्ध्या तासात वाटतं की आपण काहीतरी चोरतोय. बसून राहा. ते ओसरतं.

दोनेक महिन्यांनी पन्हाळ्यापलीकडं मसाई पठारावर जा. जांभ्याचा सपाट, लांबच लांब सडा, आणि पाऊस ओसरताना ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर इवल्या रानफुलांचे थर. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमांची गर्दी तिथूनच जाते, तेव्हा टाळा. रविवारही टाळा. धुकं उतरलं तर पठारावर दिशा कळत नाही, मसाईच्या देवळापासून आणि वाटेपासून फार लांब जाऊ नका. उन्हाळ्यात सावली नाही, पाणी नाही, सगळं बरोबर न्या.

आणि गगनबावडा हवाच असेल, तर रंकाळा स्टँडवरून एसटीनं पळसंब्याच्या बाजूला जा. रामलिंगाची लेणी आहेत तिथं. दाट झाडीतून ओढा वाहतो आणि त्यातले मोठमोठे खडक कोरून लहान लहान देवळं केलेली आहेत. भर दुपारीसुद्धा तिथं गार असतं. पाणी जोरात असताना खडक शेवाळतात, म्हणून दिवाळीनंतरच जा. ओढा, डोंगर, शांतता, तुमच्या 20 गुंठ्यांत जे आहे ते सगळं तिथं आहे आणि त्याचा सातबारा सांभाळावा लागत नाही.

दाजीपूरला मात्र एकटीनं जाऊ नका. 1958 साली अभयारण्य झालेलं ते रान फार देखणं आहे, पण ते गव्यांचं आहे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतं, आणि वाटाड्याशिवाय भटकणं बरोबर नाही. कळपातून फुटलेला एकटा गवा कुठंही, अगदी उसाच्या फडाजवळ दिसला, तरी फोटो काढायला थांबू नका, आल्या वाटेनं शांतपणे मागं फिरा. कुठंही जा, कुठं जातेय आणि किती वाजता परत येईन हे घरी सांगून जा. त्यानं एकांत कमी होत नाही.

‘एकट्याच आलासा?’ हा प्रश्न तुम्हाला एसटीत, देवळात, चहाच्या टपरीवर विचारला जाणार. विचारणारा बहुतेक वेळा काळजीनं विचारतो. ‘व्हय, एकटीच’ एवढं म्हणा आणि हसा. कारण देऊ नका. नवस होता, कुणीतरी मागून येतंय, असलं काही सांगायला गेलात तर पुढच्या वेळी स्वतःलाही कारण द्यावं लागेल.

मिस्टरांकडं या शनिवारची परवानगी मागू नका, त्यांना कळवा. जमिनीचं मात्र उलट. तो पैसा दोघांचा आहे, म्हातारपण दोघांचं आहे, तिथं त्यांचं ऐकायलाच हवं. ते खूळ म्हणतात त्यामागं मला थोडी भीती दिसते. तुमच्या स्वप्नातल्या घरात गाई दोन आहेत, पण ते कुठं आहेत? तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात तरी नाहीत. त्यांनी तुमच्या तोंडून ते वर्णन ऐकलं असेल तर त्यांनाही हे जाणवलं असणार. तुम्हाला त्यांच्यापासून लांब जायचं नाहीये, रोजच्या हाकांपासून काही तास लांब जायचंय, हे त्यांना स्पष्ट सांगा. खरंच तसं असेल तर. आणि त्यांच्यापासूनही लांब जायचं असेल, तर तो प्रश्न जमिनीनं सुटणारा नाही. तसं असेल तर मला निराळं पत्र लिहा, संकोच करू नका.

आता भुदरगडाकडं वळते. पुढच्या जुलैत हक्काची रजा काढून, जमेल तेवढे दिवस रोपलावणीच्या वेळी सासऱ्यांच्या घरी जाऊन राहा. पाहुणी म्हणून जाऊ नका. जावेला आधी फोन करा आणि कामाला येतेय म्हणून सांगा. चिखलात वाका, इरलं घ्या, पैऱ्याला जा, रात्री वीज नसताना सोप्यात बसून पाऊस ऐका. कंबर मोडेल. भावकीतल्या बायका तुम्हाला हसतील, मग शिकवतील. त्या दिवसांनंतरही तुम्हाला गाव हवं वाटलं तर ते खरंच हवं आहे असं समजा. मग नवी जमीन शोधण्याआधी त्याच घराची शाकारणी करा, परड्यात वाफे करा, सुट्टीत जात राहा. निवृत्तीला अजून वेळ आहे. तोवर नोकरी सोडू नका. मुलगा बारावीत आहे, पुढच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आहे, आणि गावातल्या घरालाही छपरासाठी, विहिरीसाठी, रस्त्यासाठी पैसा लागतोच.

हे सगळं ठरवताना सासूबाईंना विचारा. त्या स्वतः त्या घरात नांदल्या आहेत. तिथली कुठली भिंत पावसात गळते, विहिरीचं पाणी कधी आटतं, कुठली जाऊ मनानं चांगली आहे, आणि बाईमाणसाला तिथं दुपारी कुठं बसता येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेख सांभाळण्याचं माणूस म्हणून केलाय. मला वाटतं, या बाबतीत त्या तुमच्या सर्वांत कामाच्या सल्लागार आहेत, माझ्यापेक्षाही.

एजंटाचा फोन आला तर एवढंच सांगा : पुढचा पावसाळा झाला की बघू, आणि तुकडा बघायचा तर जुलैत दाखवा. तो म्हणेल, तोवर जाईल. जाऊ दे. घाईनं विकली जाणारी जमीन घाईनं घेऊ नये. पावसाळ्यानंतरही तुमच्या मनात तो ओढा असेल तर मला पुन्हा लिहा. त्या पत्राबरोबर सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, आणि मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स जोडा, आणि मिस्टरांनी त्यांच्या हातानं चार ओळी लिहिल्या तर फारच बरं.